देवास थोरल्या पातीचा इंग्रज सेक्रेटरी

'अ पॅसेज टु इंडिया' ही कादंबरी कॉलेजात इंग्रजी घेतलेल्यांना अभ्यासक्रमातून ठाऊक असते आणि बाकीच्यांना डेव्हिड लीनच्या १९८४ च्या चित्रपटातून. दोन्हीकडे चर्चा अडते ती गुहेपाशी. मराबारच्या गुहेत त्या इंग्रज मुलीच्या बाबतीत नेमके काय घडले, यावर शंभर वर्षे शाई सांडली आहे. कादंबरीचा तिसरा भाग मात्र वाचक घाईने उरकतात. या भागात माऊ नावाचे एक हिंदू संस्थान आहे. गोकुळाष्टमीची रात्र आहे, राजवाड्यात भजन रंगले आहे आणि प्राध्यापक नारायण गोडबोले नावाचे एक दख्खनी ब्राह्मण झांजा वाजवत, तुकारामांना हाका मारत देवापुढे नाचत आहेत.

केंब्रिजमध्ये शिकलेल्या इंग्रज लेखकाला तुकाराम भेटले कुठे? पुण्यात नाही, पंढरपुरात तर नाहीच. ते भेटले माळव्यात, इंदूरपासून पस्तीस-चाळीस किलोमीटरवरच्या देवासला. आज मराठी माणूस देवास म्हटले की कुमार गंधर्वांचे नाव घेतो, आणि ते योग्यच आहे. पण कुमारजी १९४८ मध्ये देवासला आले, त्याच्या सत्तावीस वर्षे आधी एडवर्ड मॉर्गन फॉर्स्टर देवासच्या टेकडीच्या पायथ्याशी एका मराठा राजाचा खासगी सेक्रेटरी म्हणून राहून गेला होता.

फॉर्स्टरचा जन्म १ जानेवारी १८७९ रोजी लंडनमध्ये झाला. वास्तुविशारद असलेले वडील क्षयाने वारले तेव्हा तो दोन वर्षांचाही नव्हता. आईने आणि घरातल्या इतर बायकांनी त्याला वाढवले. मेरिअ‍ॅन थॉर्नटन ही त्याच्या वडिलांची मावशी १८८७ मध्ये वारली, तेव्हा तिने त्याच्या नावाने आठ हजार पौंड ठेवले होते. त्या काळात ही रक्कम एवढी मोठी होती की पोटासाठी नोकरी करण्याची वेळ त्याच्यावर आली नाही. टनब्रिजच्या शाळेत त्याचे दिवस वाईट गेले. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात तो खुलला. मग पाच वर्षांत चार कादंबऱ्या आल्या: 'व्हेअर एंजल्स फिअर टु ट्रेड' (१९०५), 'द लाँगेस्ट जर्नी' (१९०७), 'अ रूम विथ अ व्ह्यू' (१९०८) आणि 'हॉवर्ड्स एंड' (१९१०). शेवटच्या कादंबरीने त्याला इंग्लंडातल्या पहिल्या रांगेतल्या लेखकांत नेऊन बसवले. तेव्हा तो एकतीस वर्षांचा होता. त्यानंतर त्याने पुरी केलेल्या कादंबऱ्या दोनच. एक 'मॉरिस', पुरुषाच्या पुरुषावरील प्रेमाची. ती १९१३-१४ मध्ये लिहून झाली, पण इंग्लंडात हे प्रेम गुन्हा होते, त्यामुळे ती त्याच्या मृत्यूनंतर १९७१ मध्ये निघाली. दुसरी 'अ पॅसेज टु इंडिया'.

हिंदुस्थानाशी त्याचा धागा दोन माणसांमुळे जुळला. १९०६ मध्ये त्याच्याकडे लॅटिन शिकायला सय्यद रॉस मसूद हा तरुण आला. अलीगढच्या सर सय्यद अहमद खानांचा हा नातू. लॅटिन किती शिकवले गेले ते सोडा, मैत्री जन्मभर टिकली, आणि पुढे कादंबरी अर्पण झाली ती मसूदलाच. दुसरा माणूस माल्कम डार्लिंग. किंग्ज कॉलेजातला हा मित्र आयसीएस होऊन पंजाबात गेला होता आणि १९०७ च्या सुमारास त्याची नेमणूक देवासच्या तरुण राजाचा शिक्षक म्हणून झाली होती. पंजाबातल्या शेतकऱ्यांच्या कर्जबाजारीपणावर पुढे मोलाचे पुस्तक लिहिणारा डार्लिंग तो हाच.

आता देवासची गंमत सांगायला हवी, कारण तिच्यावाचून फॉर्स्टरचे पुढचे लिखाण कळत नाही. पेशव्यांच्या माळव्यातल्या मोहिमांबरोबर आलेले पवार घराण्यातले दोन भाऊ, तुकोजीराव आणि जिवाजीराव. १७२८ पासून देवासवर त्यांचा अंमल बसला. दोघांनी कारभार एकत्र ठेवला, मग वाटण्या झाल्या, आणि वाटणी कुठे थांबवायची याचे भान कुणाला राहिले नाही. थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन संस्थाने उभी राहिली. दोघांची राजधानी मात्र एकच: देवास. एकाच गावात दोन राजे, दोन वाडे, दोन दरबार, दोन फौजा. इंग्रजांनी १८१८ मध्ये तह केला तोही दोघांशी. दोघांनाही पंधरा-पंधरा तोफांची सलामी. थोरल्या पातीचे क्षेत्र जेमतेम साडेचारशे चौरस मैल, म्हणजे आपल्याकडचा एखादा मोठा तालुका. शेजारच्या धारला याच कुळातली दुसरी शाखा राज्य करत होती. तिचा पसारा बराच मोठा होता आणि तिथे असला घोळ नव्हता. गावाच्या डोक्यावर टेकडी, टेकडीवर देवी. तुळजाभवानी आणि चामुंडा अशी दोन ठाणी तिथे आहेत. लोक मोठी माता आणि छोटी माता म्हणतात. राज्यकर्तेच दोन म्हटल्यावर देवीही दोन, असे कुणाला वाटले तर हसू नये.

थोरल्या पातीच्या गादीवर होते तिसरे तुकोजीराव. जन्म १८८८ चा. चुलते कृष्णाजीराव यांना ते दत्तक गेले आणि १८९९ मध्ये अकराव्या वर्षी राजे झाले. शिक्षण इंदूरच्या डेली कॉलेजात आणि अजमेरच्या मेयो कॉलेजात. १९०८ मध्ये त्यांचे लग्न झाले ते कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींच्या कन्येशी, राधाबाई अक्कासाहेबांशी. मराठा संस्थानिकांत याहून वजनदार सोयरीक नव्हती. घरचे लोक आणि जवळचे मित्र त्यांना बापूसाहेब म्हणत. हुशार, विनोदी, भाविक, मैत्रीत जीव ओतणारा आणि हिशेबात कमालीचा कच्चा असा हा माणूस होता.

१९१२ च्या अखेरीस फॉर्स्टर पहिल्यांदा हिंदुस्थानात आला आणि डार्लिंगच्या ओळखीने नाताळात देवासला पोचला. सहा महिन्यांच्या त्या प्रवासात त्याने पाटण्याचे बांकीपूर पाहिले, त्याचे कादंबरीत चंद्रपूर झाले. गयेजवळच्या बराबर गुहा पाहिल्या, त्यांच्या मराबार झाल्या. उज्जैनवर त्याने एक खुसखुशीत लेखही लिहिला. घरी परतल्यावर कादंबरीची सुरुवातीची प्रकरणे झाली आणि गाडे अडले. मग महायुद्ध आले. युद्धाची वर्षे त्याने रेडक्रॉसच्या कामासाठी अलेक्झांड्रियात काढली. हस्तलिखिताचे घोंगडे भिजतच पडले.

१९२१ मध्ये तुकोजीरावांचा इंग्रज सेक्रेटरी, एक कर्नल, रजेवर गेला. त्याच्या जागी काही महिने या, असे बोलावणे आले आणि बेचाळिसाव्या वर्षी फॉर्स्टर नोकरीवर रुजू झाला. डोक्याला पागोटे बांधलेला त्याचा देवासमधला फोटो प्रसिद्ध आहे. कारकून म्हणून तो अगदीच बेताचा होता. त्याच्याकडे मोटारखाना, बागा, टेनिसची मैदाने, अतिथिगृह आणि विजेचे कारखानावजा घर अशी खाती होती. शिवाय महाराजांचा पत्रव्यवहार आणि त्यांना काही वाचून दाखवणे. यातल्या एकाही विषयाची त्याला माहिती नव्हती. यंत्र बघून त्याला घाम फुटे. नवा राजवाडा दहा-एक वर्षे बांधला जात होता. एका टोकाला काम चालू असताना दुसरे टोक ढासळायला लागले होते. आत पियानो आणि पेटी, सगळे नवे कोरे, आणि माळव्याच्या कोरड्या हवेने लाकूड तडकून सगळे निकामी. पैसा कुठे जातो हे शोधण्याचा फॉर्स्टरने प्रामाणिक प्रयत्न केला आणि हात टेकले.

आईला आणि मित्रांना तो सतत पत्रे लिहीत होता. त्या पत्रांत दरबारातली भांडणे आहेत, रुसवेफुगवे आहेत आणि राजाबद्दल एक चकित झालेली माया आहे. इंग्लंडातून आलेला आणि कोणताच धर्म न मानणारा हा माणूस दिवसभर कागदांत रुतलेला असे आणि संध्याकाळी महाराजांशी देव या विषयावर बोलत बसे. तुकोजीराव त्याला पटवून देण्याच्या भरीस पडत नसत. त्यांच्या लेखी देव हा वादाचा विषयच नव्हता.

आणि मग ऑगस्टमध्ये गोकुळाष्टमी आली. देवासच्या थोरल्या वाड्यात हा उत्सव दिवसेंदिवस चाले. महाराज त्या काळात नव्या राजवाड्यातून जुन्या वाड्यात राहायला येत आणि सेक्रेटरीलाही तिकडे मुक्काम हलवावा लागला. अनवाणी चालायचे, मांसाहार बंद. भजनी मंडळी पाळीपाळीने गात होती. झांजा, मृदंग, पेटी, त्यातच बँड, कुणाचा कुणाला मेळ नाही. चौकात माणसांची झुंबड. मूर्ती फुलांखाली आणि दागिन्यांखाली अशी बुडालेली की दिसतच नाही. फॉर्स्टरचे संस्कार केंब्रिजचे, ग्रीक शिल्पाचे, मोत्झार्टचे. त्याला सारे भयंकर वाटले. पत्रांत त्याने त्या चिमुकल्या कृष्णाच्या मूर्तीला बाहुलीचे नाव दिले, सजावटीची टर उडवली, गोंगाटाने झोप मिळत नाही म्हणून तक्रार केली.

आणि त्याच पत्रांत त्याने लिहिले की महाराजांच्या चेहऱ्यावर अशा वेळी जे दिसते ते त्याने दुसरीकडे कुठे पाहिले नाही. राजा कमरेला धोतर, गळ्यात हार, हातात झांजा घेऊन तासन्‌तास उभा राहून गातो, नाचतो, भोवतालच्या सामान्य भजनकऱ्यांत मिसळून जातो. त्याला पाहून फॉर्स्टरला आठवला बायबलमधला दावीद राजा, देवाच्या कोशापुढे नाचणारा. मध्यरात्री जन्म झाला. गुलाल उधळला. रेशमी रुमालाची घडी करून त्यालाच बाळ मानून पाळण्यात घातले. दुसऱ्या दिवशी काला. वर टांगलेले मडके फुटले, दूधभात डोक्यावर सांडला आणि प्रतिष्ठित मंडळी एकमेकांच्या अंगावरून तो ओरबाडून खाऊ लागली. शेवटी मातीचे गोकुळ मिरवत तळ्यावर नेले आणि पाण्यात सोडले.

आपल्याला यात नवे काहीच नाही. गावोगावच्या कृष्णमंदिरांत, वारकऱ्यांच्या सप्त्यात आपण हेच पाहत आलो आहोत. पण नेमक्या या आपल्या नित्याच्या गोष्टीने फॉर्स्टरला हादरा दिला. देवापुढे हसता येते, थट्टा करता येते, लोणी फासता येते आणि त्याने भक्ती कमी होत नाही, हे त्याला कळले. ख्रिस्ती धर्मात हसण्याला जागा नाही, ही खंत त्याने कादंबरीतही मांडली आहे. माऊचा उत्सव वाचताना जाणवते की लेखक एकीकडे नाक मुरडतो आहे आणि दुसरीकडे त्याचा पाय ताल धरतो आहे. मला तो भाग कादंबरीतला सगळ्यांत खरा वाटतो, तो याच दुटप्पीपणामुळे.

देवासमध्ये मात्र एक ओळही पुढे सरकली नाही. अर्धवट हस्तलिखित तो बरोबर घेऊन आला होता. समोर खरा हिंदुस्थान असताना कागदावरचा हिंदुस्थान फिका पडला. नोव्हेंबरमध्ये देवास सोडून तो हैदराबादला मसूदकडे काही आठवडे राहिला आणि १९२२ च्या आरंभी इंग्लंडला परतला. मित्र लेनर्ड वुल्फने मागे लागून त्याला पुन्हा लिहिते केले. जून १९२४ मध्ये 'अ पॅसेज टु इंडिया' प्रसिद्ध झाली आणि तिला जेम्स टेट ब्लॅक पारितोषिक मिळाले. त्यातले माऊ म्हणजे सरळसरळ देवास नव्हे. डोंगर आणि तळी बरीचशी बुंदेलखंडातल्या छत्रपूरची आहेत. तिथल्या राजाशीही फॉर्स्टरचा स्नेह होता. पण उत्सव देवासचा आहे, आणि त्यातला ओलावाही.

गोडबोल्यांविषयी मराठी वाचकाला दोन शब्द ऐकायला आवडतील. करडे-निळे डोळे, गोरा रंग, जांभळट पागोटे, जेवताना कुणाकडे न पाहणे, वेळ टळून गेल्यावर गाणे म्हणणे. दख्खनी ब्राह्मणांची एक खोडही फॉर्स्टरने कादंबरीतल्या डॉ. अझीझ या पात्राच्या तोंडून टिपली आहे: इंग्रजांनी हिंदुस्थान मोगलांकडून नव्हे, आमच्याकडून घेतला, असे हे लोक सांगत फिरतात म्हणे. शाळेत आपण सगळे हेच शिकलो, त्यामुळे अझीझचा वैताग वाचताना गालात हसू येते. नीरद चौधुरींना मात्र हे पात्र मुळीच आवडले नाही. १९५४ मध्ये 'एन्काउंटर' मासिकातल्या लेखात त्यांनी लिहिले की गोडबोले हा हिंदू विचारांचा प्रतिनिधी नसून विदूषक आहे. लीनच्या चित्रपटात ॲलेक गिनेसने ही भूमिका केली आणि चौधुरींचा आरोप पुरता सिद्ध केला. कादंबरीतले गोडबोले तेवढे हास्यास्पद नाहीत. भजनाच्या ओघात ते एका म्हाताऱ्या इंग्रज बाईला आणि एका गांधीलमाशीला सारख्याच प्रेमाने आठवतात. पुढे दगडालाही तसेच आपलेसे करायला जातात, तिथे मात्र त्यांना जमत नाही. हा क्षण तुकाराम वाचलेल्या कुणालाही विदूषकी वाटणार नाही.

तुकोजीरावांचा शेवट वाईट झाला. अक्कासाहेबांशी त्यांचे पटले नाही आणि त्या कायमच्या कोल्हापूरला निघून गेल्या. मुलगा विक्रमसिंहराव वडिलांपाशी वाढला. १९२७ च्या अखेरीस, वडिलांपासून आपल्या जिवाला धोका आहे असे म्हणत, तोही देवासमधून निघून गेला आणि इंग्रजांच्या आश्रयाला राहिला. वर्तमानपत्रांनी ते प्रकरण चघळले. दुसरीकडे कर्जाचा डोंगर वाढत होता. सरकारने चौकशीचा फास आवळला, तेव्हा १९३३ मध्ये तुकोजीराव यात्रेला म्हणून निघाले आणि पाँडिचेरीला, फ्रेंचांच्या हद्दीत, जाऊन बसले. परत येण्याच्या सगळ्या सूचना त्यांनी धुडकावल्या. २१ डिसेंबर १९३७ रोजी तिथेच त्यांचा अंत झाला, वय एकोणपन्नास. वडिलांशी फाटलेला हाच मुलगा १९४७ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेला आणि शहाजी छत्रपती झाला.

इंग्रजी कागदपत्रांत तुकोजीरावांची नोंद एक उधळ्या, नालायक संस्थानिक अशी आहे. ती खोटी नाही, पण अपुरी आहे. फॉर्स्टरने १९५३ मध्ये आपली जुनी पत्रे गोळा करून, मधली सांधणी लिहून, 'द हिल ऑफ देवी' हे पुस्तक काढले ते या नोंदीला उत्तर म्हणून. त्याने राजाचा कारभार चांगला होता असा दावा केला नाही. तो म्हणतो एवढेच, की हा माणूस मोठा होता आणि त्याची मैत्री मिळाली हे आपले भाग्य. वकिली म्हणून हे फार दुबळे आहे; व्यक्तिचित्र म्हणून विसाव्या शतकातल्या उत्तम इंग्रजी गद्यात मोडते.

एक गोष्ट फॉर्स्टरने त्या पुस्तकात लिहिली नाही. देवासच्या मुक्कामात एका न्हाव्याशी त्याचे शरीरसंबंध होते आणि महाराजांना ते माहीत होते. त्यांनी त्याला हाकलले नाही, उलट सांभाळून घेतले. हा मजकूर १९८३ मध्ये, दोघांच्या मृत्यूनंतर, छापला गेला. त्यात राजाचे औदार्य दिसते. त्यात हेही दिसते की त्या न्हाव्याशी फॉर्स्टर शेवटी क्रूरपणे वागला, आणि ते त्याने स्वतःच नोंदवून ठेवले. राज्यकर्त्यांच्या वंशातला एक सेक्रेटरी आणि ज्याला नकार देणे परवडणार नव्हते असा एक नोकर यांच्यातल्या या नात्याला मैत्री म्हणणे मला जड जाते.

१९२४ नंतर फॉर्स्टर आणखी सेहेचाळीस वर्षे जगला, पण कादंबरी लिहिली नाही. 'आस्पेक्ट्स ऑफ द नॉव्हेल' (१९२७) ही त्याची व्याख्याने मराठी समीक्षकांनीही बरीच वापरली. मुल्कराज आनंदांच्या 'अनटचेबल'ला १९३५ मध्ये त्याने प्रस्तावना लिहिली. १९४५ मध्ये जयपूरच्या लेखक संमेलनासाठी तो तिसऱ्यांदा हिंदुस्थानात येऊन गेला. १९४६ पासून किंग्ज कॉलेजने त्याला राहायला खोल्या दिल्या. १९४९ मध्ये 'सर' ही पदवी त्याने नाकारली. ७ जून १९७० रोजी, एक्क्याण्णवाव्या वर्षी, कॉव्हेन्ट्री इथे मित्राच्या घरी तो वारला.

देवासची दोन्ही संस्थाने १९४८ मध्ये मध्य भारतात विलीन झाली. आता तिथे नोटा छापल्या जातात आणि टेकडीवर रोपवे जातो. हे सारे प्रकरण आजवर जगाने ऐकले ते एका इंग्रज पाहुण्याच्या तोंडून. पण तो दरबार मराठी होता, त्याची सोयरीक कोल्हापूरची होती, भजने तुकारामांच्या नावाने चालत होती. देवास, इंदूर आणि कोल्हापुरात जुने दफ्तर, जुनी घरे आणि आजोबा-पणजोबांनी सांगितलेल्या आठवणी जपणारी कुटुंबे आहेत. त्यांच्यापैकी कुणी हा इतिहास आपल्या बाजूने, मराठीत लिहायला घ्यावा.